सही करायच्या आधी वाचून घ्या : अपघाताचा क्लेम आणि पोलीस केस, तुमचे प्रश्न

यावेळी आलेली बहुतेक पत्रं दोनच गोष्टींची आहेत, एक तर रस्त्यावरचा अपघात आणि दुसरं म्हणजे पोलिसांचा फोन. सगळी छापता येत नाहीत म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं-गावं काढून टाकलीत. मी बेळगावच्या कोर्टात वकील म्हणून रोज उभी राहते त्यामुळे जे लिहितेय ते तिथे जे चालतं तेच लिहितेय, पण तुमच्या केसचे कागद मी बघितलेले नाहीत हे लक्षात ठेवा आणि आपल्या वकिलाला एकदा दाखवा.

उचगाव भागातून एक वाचक : "मॅडम, माझा धाकटा भाऊ शिनोळीला कंपनीत कामाला जातो. परत येताना चंदगड हद्दीत पिकअपने उडवलं, मांडीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. केस महाराष्ट्र पोलिसांकडं आहे. इकडं लोक म्हणूलालेत की क्लेम पण तिकडंच घालावा लागतो. खरं आम्हाला दर तारखेला तिकडं जायला जमत नाही. पाच महिने होत आलेत, प्लास्टर-बिस्टर सगळं निघू दे मग बघू म्हणून थांबलोय."

थांबू नका दादा, पहिलं हेच सांगते. मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2022 पासून क्लेम अपघाताच्या तारखेपासून 6 महिन्यांच्या आत घालायचा अशी मुदत आली. या मुदतीवर वरच्या कोर्टात वाद चालू आहेत हे खरं, पण त्या भरवशावर आपण का बसायचं. ट्रीटमेंट पूर्ण व्हायची वाट बघायची गरजच नसते, क्लेम आत्ता घालता येतो आणि पुढची बिलं, पुढचं ऑपरेशन, डिसॅबिलिटी सर्टिफिकेट हे सगळं केस चालू असताना देता येतं.

आता कुठे घालायचा ते. अपघात जिथे झाला तिथे, किंवा जखमी माणूस जिथे राहतो किंवा कामधंदा करतो तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, यातलं कुठलंही ट्रिब्युनल (अपघाताचे क्लेम चालवणारं कोर्ट) तुम्ही निवडू शकता, ही मुभा कलम 166 मधेच आहे. म्हणजे भाऊ उचगावात राहतो तर बेळगावात क्लेम बसतो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे कुणी सांगतच नाही. सकाळी महाराष्ट्रात कामाला आणि संध्याकाळी कर्नाटकात घरी अशी हजारो माणसं आहेत आणि अपघात झाला की हद्दीच्या नावाखाली त्यांना इकडून तिकडे फिरवतात. तिकडच्या पोलिसांकडून एफआयआर, पंचनामा, गाडीच्या तपासणीचा रिपोर्ट आणि चार्जशीट झालं असेल तर त्याची कॉपी घेऊन ठेवा. ते कागद मराठीत असणार आणि इकडच्या कोर्टात त्याचं भाषांतर जोडावं लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून या आठवड्यातच कामाला लागा.

आणि अजून एक. भाऊ कंपनीत उभं राहून काम करत असेल तर डॉक्टर पायाची समजा 30 टक्के डिसॅबिलिटी लिहून देतील आणि इन्शुरन्सवाले म्हणतील की 30 टक्के एका पायाची म्हणजे पूर्ण शरीराची 10 टक्केच. तिथे गप्प बसायचं नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या केसमधे 2010 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की टक्का हाडाचा नाही, कमाईचा बघा. बसून हिशोब लिहिणाऱ्याचा पाय आणि दिवसभर मशीनसमोर उभं राहणाऱ्याचा पाय सारखा धरता येत नाही. म्हणून तो नेमकं काय काम करायचा, किती वजन उचलायचा, आता काय जमत नाही हे साक्षीत यायला पाहिजे.

चिकोडी तालुक्यातून एक ताई : "माझे मिस्टर रात्री मोटारसायकलवरून येताना ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकून गेले. ट्रॉली रस्त्यावरच उभी होती, लाईट नव्हती, पाठीमागे लाल पट्टी पण नव्हती. इन्शुरन्सचा माणूस म्हणतोय मागून धडक दिली म्हणजे चूक तुमचीच, काही मिळणार नाही. ते 38 वर्षांचे होते, वेल्डिंगचं दुकान होतं. दोन मुलं आहेत, सासूबाई आहेत."

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सीझन सुरू झाला की आपल्याकडे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रभर पळतात, टायर फुटला की रस्त्यातच उभे करतात, मागे एक दगड लावतात आणि ड्रायव्हर जेवायला जातो. मागून येणाऱ्याला समोरच्या गाडीच्या लाईटमधे ते दिसतच नाही.

मागून धडक म्हणजे चूक आपोआप मागच्याचीच असं काही नाही. अंधारात बिनलाईटची, बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली रस्त्यात उभी करणं हा निष्काळजीपणाच आहे. फार तर कोर्ट दोघांची थोडी थोडी चूक धरेल आणि तेवढा टक्का रकमेतून कापेल, पण "काहीच मिळणार नाही" हे चुकीचं सांगितलंय. सगळं अवलंबून आहे पंचनाम्यावर, आपल्याकडे ज्याला महजर म्हणतात त्यावर. त्यात ट्रॉली रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती, डांबरावर होती की मातीवर, इंडिकेटर चालू होता की नाही, हे लिहिलंय का ते आधी बघा. त्या रात्री कुणी मोबाईलवर फोटो काढले असतील, गावातली पोरं काढतातच, तर ते मागून घ्या आणि फॉरवर्ड केलेला नको, ज्याच्या मोबाईलमधे मूळ फोटो आहे त्याला तो डिलीट करू नको म्हणून सांगून ठेवा. ट्रॅक्टरचा इन्शुरन्स वेगळा आणि ट्रॉलीचा वेगळा बघावा लागतो, दोन्हीचे नंबर आरटीओकडून काढून घ्या. ट्रॉलीला इन्शुरन्स नसेल तर मालक जबाबदार राहतो.

रक्कम कशी काढतात हे पण सांगते, कारण तुम्हाला कुणी दोन लाखांवर सेटलमेंट करा म्हणून कागद पुढे करेल तेव्हा हा हिशोब डोक्यात पाहिजे. समजा दुकानातून महिना 18,000 सुटायचे हे सिद्ध झालं. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती यासाठी 40 टक्के मिळवतात (प्रणय सेठी केस, 2017), झाले 25,200. वर्षाचे 3,02,400. घरात मागे चार माणसं, म्हणून ते स्वतःवर खर्च करायचे तो भाग एक चतुर्थांश वजा, राहिले 2,26,800. 36 ते 40 वयाला 15 ने गुणायचं (सरला वर्मा केस, 2009), म्हणजे 34,02,000. यावर बायको, मुलं, आई यांना सहवास गेल्याबद्दल प्रत्येकी 40,000, क्रियाकर्माचे 15,000 आणि इस्टेटीच्या नुकसानीचे 15,000, आणि या तिन्ही रकमा दर 3 वर्षांनी 10 टक्क्यांनी वाढतात. त्यातून कोर्टाने त्यांची चूक जेवढी धरली तेवढं कमी. बघा कुठे दोन लाख आणि कुठे हे.

अडचण येते ती 18,000 सिद्ध करताना. वेल्डिंगच्या दुकानाचं लायसन, लाईट बिल, लोखंड आणलेल्या पावत्या, फोनपेचे जमा, कुणाच्या गेटचं काम केलं त्याची डायरी, काहीही चालतं, सगळं जमवा. आणि दवाखान्याच्या बिलांचं एक कळकळीनं सांगते. मागे एक बाई माझ्याकडे कॅरीबॅगमधे बिलं घेऊन आल्या होत्या, मेडिकल दुकानाची ती गुळगुळीत कागदाची बिलं, आणि टेबलावर पसरली तर निम्मी बिलं कोरी होती. शाई उडून गेली होती. त्या माऊलीने दीड वर्ष जपून ठेवली होती ती कपाटात. तशा बिलाची आल्या दिवशीच झेरॉक्स काढायची आणि मूळ बिलाला टाचून ठेवायची.

खानापूरहून : "एक ओळखीचा माणूस म्हणतोय सगळं मी बघतो, तुम्ही फक्त चार कोऱ्या कागदांवर सह्या करा, पैसे आले की 25 टक्के द्या. देऊ का?"

नाही. कोऱ्या कागदावर सही कुणालाच द्यायची नाही, वकिलाला पण नाही, मला पण नाही. आणि क्लेमच्या रकमेत टक्का ठरवणं हे बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला चालतच नाही, फी ठरवायची ती रकमेच्या निकालावर अवलंबून नाही ठरवायची. मग एजंटला कुठून चालेल. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, तालुक्याला पण समिती असते. बाईमाणूस, एससी-एसटी, अपंग, लहान मुलं आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न किती हे न बघता फुकट वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. 15100 नंबरला फोन लावला तरी माहिती देतात.

लोक अदालतीत तडजोड करायची असेल तर जरूर करा, पैसे लवकर मिळतात, पण तिथे झालेल्या निकालावर अपील नाही. म्हणून आकडा आदल्या रात्री घरी बसून ठरवा, तिथल्या गर्दीत नको. ट्रिब्युनलचा निकाल मात्र पटला नाही तर 90 दिवसांत हायकोर्टात जाता येतं आणि आपल्याला त्यासाठी बेंगळूर नाही, धारवाडचं खंडपीठ आहे.

बेळगावातला एक टेम्पो ड्रायव्हर : "माझ्या टेम्पोसमोर एक म्हातारे गृहस्थ अचानक आले, हात मोडला त्यांचा. मीच त्यांना सिव्हिलला नेलं. आता केस झालीय. स्टेशनवर सांगतात की कोर्टात गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो, कशाला वकील लावतोस. माझं लायसन एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं आहे म्हणून मालक पण घाबरलाय."

तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत हे फार बरं केलंत आणि ते रेकॉर्डवर यायला पाहिजे, केसपेपरवर कुणी आणलं ते नाव लिहितात, बघून घ्या.

कबूल करण्याची घाई करू नका. "दंड भरून मोकळा" ऐकायला सोपं वाटतं पण कोर्टात गुन्हा कबूल केला की तो कागद कायमचा झाला. उद्या त्या गृहस्थांनी क्लेम घातला की त्यांचा वकील पहिला तोच कागद लावणार, ड्रायव्हरने स्वतः चूक मान्य केलीय म्हणून, मग अचानक समोर आले हे तुम्ही कितीही सांगा. लायसनच्या आणि पुढे नोकरीच्या वेळी पण तो आडवा येतो. खरंच तुमची चूक असेल तर कबूल करणं हा तुमचा निर्णय, पण तो वकिलाशी बोलून घ्या, दारात उभ्या असलेल्या माणसाच्या सांगण्यावरून नको.

तुमच्यावर लागलेली कलमं बहुतेक भारतीय न्याय संहितेचं 281 आणि 125 असणार, जुन्या आयपीसीमधली 279, 337, 338. ती जामीनपात्र आहेत, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही आणि त्यासाठी कुणाला काही द्यायचं नाही. माणूस दगावला तर 106(1) लागतं, ते पण जामीनपात्रच आहे, फक्त शिक्षा आता 5 वर्षांपर्यंत गेलीय, आधी 2 होती. 10 वर्षांचं हिट अँड रनचं कलम 106(2), ज्यावर देशभर ट्रकवाल्यांनी संप केला होता, ते अजून लागू केलेलं नाही.

लायसनची काळजी मालकाला सांगा कमी करायला. 2024 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलंय की 7,500 किलोच्या आतली ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही लायसनवर चालवता येते, लायसनवर वेगळी नोंद (एन्डॉर्समेंट) नको. मात्र क्लेमचं समन्स आलं की त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा आणि पोचपावती घ्या.

सहीबद्दल इथेच सांगते. फिर्याद देणाऱ्याने फिर्यादीवर सही करायची असते. पण तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायचीच नाही असं कायदाच म्हणतो. आणि पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. महजरवर पंचांच्या सह्या असतात, तिथे तुम्हाला पंच म्हणून उभं केलं तर काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय नको. कन्नड वाचता येत नाही हे सांगायला लाजू नका. तोंडी दिलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवायची ही पोलिसांचीच जबाबदारी आहे आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची. माझ्याकडच्याच एका केसमधे अपघातात सापडलेल्या मुलाच्या सासऱ्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात, रात्री दोन वाजता, कन्नडमधे लिहिलेल्या फिर्यादीवर सही केली. ते तर अपघाताच्या वेळी तिथे नव्हतेच. त्यात जावयाची गाडी राँग साईडला होती असं लिहिलं होतं. दोन वर्षांनी इन्शुरन्सच्या वकिलाने ती ओळ वाचून दाखवली तेव्हा म्हातारा पिंजऱ्यात नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते निस्तरायला मला प्रत्यक्ष बघितलेले दोन साक्षीदार शोधून आणावे लागले, आणायला जमले म्हणून निभावलं.

खानापूर तालुक्यातले एक वडील : "सुनेने माहेरी, महाराष्ट्रात, मुलावर आणि आम्हा दोघांवर केस घातलीय. तिकडचे पोलीस येऊन उचलतील का? अटकपूर्व जामीन तिकडंच घ्यावा लागेल का?"

असल्या घरगुती केसमधली कलमं 7 वर्षांच्या आतली असली तर पोलिसांनी सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते, बीएनएसएस म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 35(3) खाली, आधीची 41-ए. ती नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2025 च्या जानेवारीत सांगितलंय. पण नोटीस आली तर जायचं, टाळायचं नाही, टाळलं की अटकेचं कारण आपणच देतो. सासूबाईंना जबाबासाठी स्टेशनवर बोलवता येत नाही, बाईचा आणि 60 च्या वरच्या माणसाचा साक्षीदार म्हणून जबाब घरीच घ्यायचा असतो. पण तुम्ही दोघं आरोपी आहात, तिथे नोटीस वेगळी, म्हणून कुठल्या कलमाखाली बोलावलंय ते कागदावर आधी बघा.

अटकेची खरीच भीती असेल तर बेळगावच्या सेशन कोर्टात थोड्या मुदतीचा अटकपूर्व जामीन मागता येतो, एफआयआर दुसऱ्या राज्यात असली तरी. 2023 च्या नोव्हेंबरात प्रिया इंदोरिया केसमधे सुप्रीम कोर्टाने हे मान्य केलं आणि ती केस कर्नाटकातलीच होती. ती मुदत असते तिकडच्या कोर्टात जाऊन रेग्युलर अर्ज करण्यासाठी, ती संपेपर्यंत घरी बसून राहायला नाही.

आणि अटक झालीच तर 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, प्रवासाचा वेळ सोडून. घरच्यांना कळवायचं. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं. अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि 2025 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने हे पण स्पष्ट केलं की ती त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची. आपल्या भागासाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. कन्नडच येणाऱ्या पोराला महाराष्ट्रात धरलं किंवा मराठीच येणाऱ्याला इकडे, तर मला समजणाऱ्या भाषेत लिहून द्या म्हणायचा हक्क त्याला आहे.

बेळगाव शहरातून : "चार वर्षांपूर्वी 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत गेलो होतो, केस झाली होती हे मला माहीतच नव्हतं. आता वॉरंट निघालंय म्हणतात."

पळू नका आणि वॉरंट रद्द करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. वकील घेऊन आपणहून कोर्टात हजर व्हा आणि वॉरंट रिकॉल करायचा, म्हणजे मागे घ्यायचा अर्ज द्या. समन्स जुन्या पत्त्यावर गेलं होतं हे दाखवता आलं, भाड्याचं घर बदलल्याचा कागद असला, तर कोर्ट बहुतेक वेळा समजून घेतं. पासपोर्ट काढायचा असेल तर केस चालू आहे हे लपवू नका, कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, लपवलं तर दुसरी अडचण उभी राहते.

छोटे प्रश्न पटापट. गाडीने ठोकर मारून पळून गेला, नंबर नाही : मृत्यूला 2 लाख आणि गंभीर जखमेला 50 हजार सरकारी योजनेतून मिळतात, अर्ज तहसीलदार किंवा प्रांत ऑफिसला द्यायचा, एफआयआर मात्र झालेली पाहिजे. अपघाताच्या वेळी हातात पैसे नव्हते : मे 2025 पासून केंद्राची योजना आहे, ठरवलेल्या हॉस्पिटलमधे 7 दिवसांपर्यंत दीड लाखाची ट्रीटमेंट कॅशलेस, 112 ला फोन करा. जखमीला उचलून नेलं तर पोलीस मलाच अडकवतील का : नाही, मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची पण सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 134-ए. बिनधास्त उचला. क्रिमिनल केसमधे ड्रायव्हर सुटला, आता क्लेम गेला का : नाही, दोन्हीचं माप वेगळं आहे, तिथे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं आणि इथे कुठली बाजू जास्त पटते एवढंच बघतात.

शेवटचं पत्र, एका आईचं : "मुलगा हिंडलग्याच्या जेलमधे आहे. गावात मारामारी झाली त्यात नाव आलं. जामीन मंजूर होऊन बारा दिवस झाले, खरं जामीनदार मिळत नाही. आम्हाला शेत नाही. त्याच्या मामाची जमीन चंदगडला आहे, इकडचा उतारा पाहिजे म्हणून परत पाठवलं."

आई, जामीन मिळून पण पोरगं आत राहतं याच्यासारखं वाईट नाही. स्थानिकच जामीनदार पाहिजे अशी अट घालू नये असं सुप्रीम कोर्टाने 2023 च्या जानेवारीत सुचवलंय. आणि जामीन झाल्यापासून 7 दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं. तुमचे बारा दिवस झालेत. सोमवारी सकाळी कोर्टाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या ऑफिसला जा आणि हेच सांगा, मुलगा कोठडीत आहे म्हणून वकील फुकट मिळेल, तुमचं उत्पन्न कुणी विचारणार नाही. जामीनाची अट बदलून मिळावी, म्हणजे मामांचा सातबारा चालावा किंवा वैयक्तिक बाँडवर सोडावं, असा अर्ज त्यांच्याकडून घालून घ्या. जाताना जामीनाच्या ऑर्डरची कॉपी, मामांचा सातबारा, आठ-अ, आधार, दोन फोटो, आणि जमिनीची किंमत लिहिलेला चंदगड तहसीलदारांचा दाखला मिळाला तर तो पण घ्या. दाखल्यासाठी अडून बसू नका, तो मागून देता येतो. मामांना बरोबरच घेऊन जा, त्यांची सही समोर लागते.